गोळीमुक्त उत्तमराव

"काका, जरा हसा. गोळी सुटलेला माणूस हसरा दिसला पाहिजे," मोबाइल समोर धरून विजयकुमार म्हणाला, आणि उत्तमराव हसले.

चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुमनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाच्या फोटोत हा माणूस हसला नव्हता. पोराच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा हसला नव्हता. आणि आता एका भुकटीच्या डब्यावर छापायचं म्हटल्यावर बत्तिशी दाखवून राहिला!

डब्याचं नाव छत्रामृत. आत वाळवून दळलेली मशरूमची भुकटी. माल वसमतच्या विजयकुमारचा. दिवाळी झाली, रानातली गडबड ओसरली, की मारुतीच्या पारावर कार्यक्रम ठेवायचा, उत्तमरावांना फेटा बांधायचा आणि 'गोळीमुक्त शेतकरी' म्हणून त्यांचा सत्कार करायचा, असं ठरत चाललं होतं.

"तुम्ही फक्त दोन वाक्यं बोलायची, काका. बीपीची गोळी सोडली. छत्रामृत धरलं."

"तिसरंबी बोलतो की. सिस्टर दर महिन्याला मशीन लावती. आकडा बराबर."

"यात काकूंचंही सहकार्य आहेच म्हणा," कप उचलत विजयकुमार म्हणाला. चहा देणाऱ्या बाईला एक वाक्य द्यावं लागतं, एवढं त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

"तिचं कसलं सहकार्य?" उत्तमराव म्हणाले. "सकाळी कोमट पाण्यात चमचाभर ढवळून देती. त्यात काय अवघड हाय?"

त्यात काय अवघड आहे ते फक्त सुमनबाईंना ठाऊक होतं. रोज सकाळी त्या चमचाभर भुकटीत त्या बीपीची गोळी कुटून टाकत होत्या.

झालं होतं असं. गावात तपासणीचं शिबिर आलं, तेव्हा उत्तमराव आणि दगडोबा यांना एकाच सकाळी, एकाच खुर्चीवर बसून बीपी निघालं. दगडोबा धनगर. सोयाबीन निघाल्यावर त्याच्या मेंढ्या उत्तमरावांच्या रानात बसायच्या, रानाला खत मिळायचं, दगडोबाच्या घरी ज्वारी जायची. हा व्यवहार दोघांच्या बापांपासूनचा. त्यात आता बीपीची भर पडली. गोळीसुद्धा दोघांना एकच लागली. दगडोबानं ती धोतराच्या सोग्यात बांधली आणि निमूटपणे घ्यायला लागला. उत्तमरावांनी मात्र डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस?"

"कायमची घ्यावी लागेल."

"कायमचं तर आमी बायकोचंबी ऐकलं न्हाई," उत्तमराव म्हणाले. शिबिरातली माणसं हसली. सुमनबाई तिथंच रांगेत उभ्या होत्या. त्यांना मात्र हसू आलं नाही.

त्या दिवसापासून घरात दोन भाज्या शिजायला लागल्या, एक मिठाची आणि एक कमी मिठाची. पापड बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. उत्तमरावांच्या स्वभावाचा जमाखर्च मांडायचा तर जमेला बरंच होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या बांधावर पाय नाही. पण खर्चाच्या बाजूला एकच रक्कम एवढी मोठी होती की सगळी जमा खाऊन टाकायची. घरातल्या माणसानं सांगितलेलं त्यांना पटत नसे, आणि बाहेरच्या माणसानं तेच सांगितलं की पटत असे. "मीठ कमी खा" हे सुमनबाई वर्षभर सांगत होत्या. ताट ढकललं जात होतं. तेच विजयकुमार एकदा म्हणाला तर उत्तमराव कौतुकानं म्हणाले, "पोराला अभ्यास हाय."

विजयकुमार घरात आला तो सून प्रतिक्षामुळे. बैल गेल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात तिनं धिंगरी मशरूम लावले होते. सोयाबीन मळून उरलेलं कुटार भिजवायचं, वाफवायचं, बियाणं पेरून पिशव्या भरायच्या आणि अंधारात टांगायच्या. थोड्या दिवसांनी पिशवीला कानांसारखी करडी-पांढरी फुलं फुटतात. गावानं पहिल्यांदा "कुत्र्याच्या छत्र्या" म्हणून थट्टा केली. मग जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्या छत्र्या विकल्या जायला लागल्या, तेव्हा गाव गप्प बसलं.

मशरूमचं प्रशिक्षण घेऊन आली त्या संध्याकाळी प्रतिक्षानं सासूला सगळं सांगितलं होतं. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, मॅडम म्हणल्या, यात पोटॅशियम असतं. आणि काही जातींत प्रथिनांचे असे बारीक तुकडे सापडलेत, की आपल्या अंगातलं जे द्रव्य रक्ताच्या नळ्या आवळतं, त्याला ते आवर घालतात. पण ते बघितलंय प्रयोगशाळेत, जास्ती करून उंदरांवर. माणसांवरचा अभ्यास अजून थोडाच हाय. म्हणून रक्तदाबाला मदत होऊ शकते, एवढंच म्हणायचं. भाजी म्हणून चांगली. औषधाच्या जागी न्हाई."

सुमनबाईंच्या ध्यानात 'होऊ शकते' हे दोन शब्द नीट राहिले, कारण भरवशाचं माणूस असंच बोलतं. विजयकुमार प्रतिक्षाकडून वाळवलेला माल न्यायला लागला, तेव्हा त्यानंही हे सगळं ऐकून घेतलं. डब्यावर छापताना 'होऊ शकते' चं 'होते' झालं. पारावर बोलताना 'होते' चं 'झालंच समजा' झालं. गावानं मशरूम खाल्ले, आणि विजयकुमारनं तेवढे दोन शब्द खाल्ले.

डबा हातात आल्याबरोबर उत्तमरावांनी गोळ्यांची पाकिटं उचलून उकिरड्यावर टाकली. "संपली गुलामगिरी," म्हणाले. सुमनबाई पदर खोचून उकिरड्यावर गेल्या, पाकिटं वेचून आणली, पुसली आणि तिखटाच्या डब्यामागं ठेवली. मग उपकेंद्रात जाऊन दीपमाला सिस्टरला विचारलं, "ही गोळी कुटून दिली तर चालती का?"

"ही चालते. सगळ्या गोळ्या चालत न्हाईत, तुमी विचारलं ते बरं केलं. पण काहून कुटता? काका गिळत न्हाईत का?"

"गिळत न्हाईत."

"मग सांगून द्या, काकू. लपून देऊ नका."

"सांगते," सुमनबाई म्हणाल्या, आणि सांगितलं नाही. रोज सकाळी उत्तमराव आंघोळीला बसले की वेलदोड्याच्या खलबत्त्यात गोळी कुटायची, भुकटीत मिसळायची, कोमट पाण्यात ढवळायची. छत्रामृताची चवच अशी होती की त्यात खडू कुटून टाकला असता तरी कळला नसता. जेवणात काही लक्षात यायचा तर प्रश्नच नव्हता. उत्तमरावांचं जेवण झाल्यावर त्याच ताटात सुमनबाई जेवायच्या, लग्न होऊन आल्यापासून. आपल्या ताटात आधी काय होतं हे उत्तमरावांनी कधी बघितलं नव्हतं आणि नंतर काय उरतं हेही कधी बघितलं नव्हतं.

सिस्टर दर महिन्याला पाकिटं देताना डोळे मोठे करून बघायची. "सांगितलं का?" सुमनबाई म्हणायच्या, "पुढल्या महिन्यात." मशीनचा आकडा चांगला यायचा, आणि उत्तमराव तो आकडा गावभर मिरवायचे.

सुमनबाईंचा राग इथपर्यंत घरातला होता. नवऱ्याचा जीव ठिकाणावर आहे ना, मग श्रेय गेलं खड्ड्यात. बायकांचं श्रेय तसंही कुठं चुकून सापडत नाही. पण फोटोच्या त्याच दिवशी विजयकुमारनं जाताना एक जास्तीचा डबा ठेवला, "ओळखीत कोणाला तरी द्या," म्हणून, आणि संध्याकाळी रानात दगडोबाच्या मेंढ्या आल्या.

"घे," उत्तमराव म्हणाले. "मी गोळी सोडली. तूबी सोड. बघ माझ्याकडं."

दगडोबानं बघितलं. समोरचा माणूस ठणठणीत होता. डबा त्यानं घोंगडीत गुंडाळला. सुमनबाई ज्वारीची पाटी द्यायच्या निमित्तानं बांधापर्यंत त्याच्या मागं गेल्या.

"दगडोबा भाऊ, गोळी सोडू नका हां."

"काहून, वैनी? उत्तमरावाला तर काही तकलीफ न्हाई."

इथं बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य. बांधावर तिसरं माणूस नव्हतं, मेंढ्या होत्या, आणि मेंढ्या गावात जाऊन सांगत नाहीत. पण दगडोबाच्या पोटात काही राहत नसे. आज त्याला सांगितलं की उद्या उत्तमरावांना कळणार, आणि उत्तमरावांना कळलं की ते आपल्या हातचं पाणीही पिणार नाहीत. मग गोळी कशातून द्यायची?

"प्रत्येकाची प्रकृती येगळी ऱ्हाती," एवढंच त्या म्हणाल्या. असलं गुळमुळीत वाक्य त्या एरवी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून घेत नसत.

दगडोबा मेंढ्या घेऊन कळमनुरीकडच्या माळाला गेला. दिवाळी झाली. पाराला रंग लागला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर उत्तमराव हसत होते. आणि कार्यक्रमाच्या त्याच आठवड्यात माळावरून निरोप आला की दगडोबा मेंढ्या वळवता वळवता पडला. डाव्या हातातली काठी सुटली, तोंड वाकडं झालं. हिंगोलीला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण हात उचलत नव्हता आणि जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या का?" त्याची बायको सुभद्राबाई हिनं घोंगडीतला डबा काढून दाखवला.

उत्तमराव दवाखान्यात जाऊन आले. आल्यावर जेवले नाहीत. सुमनबाईंना वाटलं, आता तरी या माणसाच्या मनात शंका येईल. शंका आली, पण भलतीकडंच.

"त्यानं बराबर घेतली नसंल भुकटी," उत्तमराव म्हणाले. "मला कसं काही झालं न्हाई?"

सुमनबाईंनी भाकरी इतक्या जोरानं थापटली की परातीतलं पीठ उडालं.

कार्यक्रमाच्या दिवशी पारापुढं सगळं गाव जमलं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर. विजयकुमारनं टेबलावर डब्यांचा मनोरा रचला होता. उत्तमरावांना फेटा बांधला, हार घातला. उत्तमराव माइकसमोर उभे राहून म्हणाले, "मी बीपीची गोळी सोडली. छत्रामृत धरलं." टाळ्या पडल्या. तिसरं वाक्य सुरू होणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुभद्राबाई उठली. हिंगोलीहून ती थेट तिथं आली होती. चार माणसांत कधी न बोललेली बाई. तिनं हातातला डबा टेबलावर ठेवला, मनोऱ्याच्या पायाशी.

"ह्येच आमचे मालक खाऊन राहिले हुते," ती म्हणाली. "उत्तमरावाचं औषध. मंग त्यांलाच काहून झालं?"

विजयकुमार गडबडला नाही. असल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या खिशात तयार असायचं.

"ताई, वाईट वाटलं मला. पण औषध एकटं काही करत नसतं. घरातलं खाणंपिणंही बघावं लागतं. तुमच्याकडं मटण, सुकट, वरून मिठाचा हात सैल. आता काकांच्या घरी पथ्य असतं. घरची बाई चांगली असली की छत्रामृत काम करतंच."

आणि फेट्याखाली उत्तमरावांनी मान हलवली. बराबर, म्हणून.

सुभद्राबाई खाली बघायला लागली. नवऱ्याला दवाखान्यात सोडून आलेली बाई सगळ्या गावासमोर आपल्या मिठाचा हात आठवायला लागली. आपण कुठं चुकलो याचा ती मनातल्या मनात शोध घेत होती, ते सुमनबाईंना लांबून दिसलं. आणि त्यांनी इतके महिने झाकून ठेवलेलं भांडं उतू गेलं.

"खाली काहून बघती गं सुभद्रा? वर बघ," सतरंजीवरून उठत त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुझ्या मिठाचा काही गुन्हा न्हाई. हे जे फेटा बांधून उभे हायेत ना, यांची गोळी सुटलीच न्हाई. एक दिवस सुटली न्हाई."

"काकू, बसा, नंतर बोलू," विजयकुमार म्हणाला.

"तू बस! घरची बाई चांगली म्हणलास ना आत्ता? मंग ऐक चांगल्या बाईचं. रोज सकाळी मी गोळी कुटती आन् तुझ्या भुकटीत कालवून यांला पाजती. तुझा डबा गोळीच्या जिवावर चालून राहिला. दगडोबाच्या डब्यात गोळी कुटायला कोणी नव्हतं, म्हणून त्यो पडला. ही बाई तिकडं बेडच्या कडेला बसली, आन् तू तिला मीठ शिकवतो?"

सतरंजीवरच्या बायकांत आधी कुजबुज झाली, मग बेबीबाई नावाची म्हातारी खुदकन हसली. "अगं माय! माझ्या म्हाताऱ्याला पाजायला पाहिजे हुतं असं काही." हसू पुरुषांकडं पोचलं नाही. तिकडं एकेकजण आज सकाळच्या चहाची चव आठवून बघत होता.

"पुरावा काय?" विजयकुमार म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता.

कडेला उभ्या असलेल्या दीपमाला सिस्टरनं हात वर केला. "पाकिटं मी देते. दर महिन्याला काकूच नेतात. मी काकांना सांगा म्हणून कितीदा म्हणले. आता ऐका सगळे. ज्यांनी ज्यांनी गोळी सोडली ते उद्या सकाळी उपकेंद्रात या. कोणी कोणी सोडली?"

हात कोणी वर केला नाही. पण टेबलाकडं बघणाऱ्या नजरा एकदम जमिनीकडं वळल्या, त्यावरून सिस्टरला अंदाज आला.

प्रतिक्षा पुढं आली आणि मनोऱ्यावरचा एक डबा उचलून तिनं विजयकुमारच्या हातात दिला. "यात माझ्या गोठ्यातला माल हाय. मी तुमाला 'होऊ शकते' सांगितलं हुतं. ते छापणार असाल तर या. न्हाई तर उद्यापासून माल बाजारातच नेऊन विकते, भाजी म्हणून."

विजयकुमारनं डबे खोक्यात भरले. उत्तमराव फेट्यासकट घरी निघून गेले. कोणाशी बोलले नाहीत.

घरी मात्र बोलले. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले.

"गावासमोर माझी इज्जत काढली! घरात सांगता येत नव्हतं?"

"घरात सांगितलं असतं तर गोळी उकिरड्यावर गेली असती. एकदा मी वेचून आणली. किती येळा वेचू?"

"उद्या ईष घातलं असतं तर? मी काय ढोर हाय का, पेंडीत औषध घालून चारायला?"

राग खरा होता आणि प्रश्नही खरा होता. सुमनबाईंनी बांधावरून परत आल्यापासून मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "तुमाला न विचारता पाजलं, ती माझी चूक. पण त्याच्याहून मोठी चूक दुसरीच हाय. दगडोबाला मी त्या दिवशी सांगायला पाहिजे हुतं. तुमची इज्जत ठेवली, आन् त्याचा हात गेला. डबा तुमी दिला, गप मी बसले. तिथं आपण दोघं सारखेच."

उत्तमरावांनी फेटा काढून खुंटीला अडकवला.

"त्याच्या मेंढ्या कोण बघून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"पुतण्या."

"आपल्या रानात बसव म्हणावं. दगडोबा उठंपर्यंत." मग राग एकदम परत आठवल्यासारखा त्यांचा आवाज चढला. "आन् तुझ्या हातचं मी आता काहीबी घेणार न्हाई! गोळ्या इकडं दे. माझ्या मी घेईन. कुटाकुटी बंद!"

सुमनबाईंनी तिखटाच्या डब्यामागून पाकिटं काढून त्यांच्यापुढं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव ओसरीवर येऊन बसले, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं, आणि बायकोकडं रागानं बघत गोळी स्वतःच्या हातानं तोंडात टाकून स्वतः भरून आणलेलं पाणी प्याले. कोणी काही पाजू शकत नाही, हे गावाला कळायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून गोळी एकदाही चुकली नाही. जे कोणालाच समजावून जमलं नव्हतं ते रुसव्यानं जमलं.

जेवणाचं काय, हा प्रश्न दुपारी आला. प्रतिक्षानं गोठ्यातले ताजे मशरूम कांद्यावर परतून भाजी केली होती. उत्तमराव पाटावर बसले, ताटाकडं बघितलं आणि ताट समोर सरकवलं.

"आधी तू खा."

"मी?"

"व्हय. माझ्यासमोर. काय घातलंय ते मला कळू दे."

सुमनबाई बसल्या. या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी जेवायला बसल्या होत्या. प्रतिक्षा दारातून बघत होती, पण तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. सुमनबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, सावकाश चावली. गरम होती. ताटात कोणाचं उरलेलं काही नव्हतं. त्यांनी दुसरा घासही घेतला. उत्तमराव वाट बघत राहिले.

मग त्यांनी ताट परत ओढून घेतलं आणि पहिला घास खाल्ला. तोंड वाकडं केलं.

"मीठ न्हाई यात."

"कमी हाय," सुमनबाई म्हणाल्या. "ते मी चोरून करत न्हाई. सांगून करते."